कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर कामावर परतणाऱ्यासाठी ‘फिट’ आणि ‘अनफिट’ यांच्या मधला कागद हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वाळपई–साखळी–पणजी मार्गावर बस चालवणाऱ्या एका तरुण चालकाच्या कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली. घरी भेटायला गेलो तर त्याने दुखण्याविषयी काहीच विचारलं नाही. “काका, गाडीवर कधी बसता येईल? आणि पहिल्या दिवशी किती फेऱ्या माराव्या लागतील?” एवढंच विचारलं. उशाशी डिस्चार्ज कार्ड होतं. गोळ्या, टाके काढायची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख, सगळं त्यात होतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नव्हतं. काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझा होता आणि तेव्हाही उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं, म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबेल, पण शक्य तर कापू नये ही विनंती.

मी साखळी भागातला. तरुणपणाची वर्षं खाणीच्या टिपरवर गेली. खनिज भरायचं आणि आमोण्याच्या धक्क्यावर बार्जसाठी रिकामं करायचं. २०१२ साली खाणी बंद पडल्या, टिपर दारात उभे राहिले आणि मी खासगी प्रवासी बसवर आलो. म्हणजे कमरेला बसणाऱ्या हादऱ्यांत खंड असा पडलाच नाही. आधी खनिजाचे रस्ते, मग इंजिनाच्या बाजूची ती चालकाची सीट, जिच्या स्पंजखालची लोखंडी पट्टी हाताला लागते.

हळूहळू डाव्या पायात शीर ओढायला लागली. कुल्ल्यापासून पोटरीच्या मागून थेट करंगळीपर्यंत. क्लच दाबताना पाय थरथरायचा. टाचा उचलून उभं राहायला गेलो की उजवी टाच उचलायची, डावी नाही. एमआरआयमध्ये दिसलं की कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यामधली गादी फाटून बाहेर आली आहे आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाबून बसली आहे. औषधं झाली, व्यायाम झाला, विश्रांती झाली. पायातली ताकद कमी होत चालली तेव्हा सर्जननी छोटी चीर देऊन गादीचा तो तुकडा काढला. हे ज्ञान नवं नाही. गादीचा तुकडा नसेवर दाबला जाऊन पाय दुखतो आणि तो काढला की आराम पडतो, हे अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं होतं. माझी शस्त्रक्रिया उत्तम झाली. शुद्धीवर आलो तेव्हा पायातली ओढ गेलेली होती. त्या सर्जनचे उपकार मी विसरणार नाही आणि या पत्रात त्यांच्याविषयी तक्रार म्हणून काहीही नाही.

अडचण आली ती टाके निघाल्यावर. विश्रांतीच्या दाखल्यावर सहा आठवडे लिहिलं होतं. ते संपले की दुसरा दाखला मिळाला: फिट. मधे काही नाही. मी तो मालकाकडे नेऊन दिला. मालकाने वाचला आणि म्हणाला, “फिट आहेस ना? मग उद्या पहाटेच्या पहिल्या फेरीला ये, रात्रीच्या शेवटच्या फेरीनंतर गाडी लाव.” मी म्हटलं, सुरुवातीला अर्धा दिवस देतो, दुपारनंतर दुसऱ्याला बसवा. तो म्हणाला, “अर्ध्या दिवसाचा ड्रायव्हर मी कुठून आणू? पूर्ण बरा झालास की ये.” त्याच्या जागी तोही अडलेला होता. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही आणि माझ्या हातातल्या कागदावर अर्ध्या दिवसाचं काही लिहिलेलंच नव्हतं. माझी जागा दुसऱ्या चालकाने घेतली.

लोकांची समजूत अशी की चालकाचं काम बसून असतं, म्हणजे हलकं असतं. घरचेसुद्धा म्हणायचे, तुला कुठे पोती उचलायची आहेत. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभ्या माणसापेक्षा पुढे झुकून बसलेल्या माणसाच्या गादीवर जास्त दाब असतो, हे त्यांनी दाखवलं. बसचा चालक दिवसभर तसाच पुढे झुकून असतो: हात मोठ्या स्टिअरिंगवर, डावा पाय क्लचवर, मान आरशाकडे. त्यात रस्त्याचे हादरे. युरोपात २००२ साली यासाठी कायद्याची मर्यादा ठरली. आठ तासांच्या हिशेबाने कामगाराच्या अंगात जाणारी कंपनं ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला पोचली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ ओलांडायचं नाही. आपल्याकडे बस चालवण्याच्या परवान्यासाठी डॉक्टरांचा १-अ फॉर्म लागतो. त्यात डोळे, कान, हातपाय यांविषयी विचारतात, आणि ते योग्यच आहे. पण परवाना हातात आल्यावर ऑपरेशन झालेली कंबर रोज किती तास सीटवर राहील, हे विचारणारा फॉर्म नाही.

घरी बसून होतो त्या काळात माझ्या मेहुणीने मला मांद्र्याला नेलं. ती तिथे एका गेस्ट हाऊसमध्ये काम करते. इंग्लंडमध्ये ऑस्टिओपॅथी शिकून आलेल्या एक बाई तिथे उपचार देत होत्या. हे नाव मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि वाचकांपैकीही अनेकांनी ऐकलं नसेल म्हणून थोडं सांगतो. अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी १८७४ साली ही पद्धत मांडली आणि १८९२ साली मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात तिची पहिली शाळा काढली. सांधे, स्नायू आणि त्यांना जोडणाऱ्या पडद्यांची हालचाल हातांनी तपासायची आणि जिथे अडली असेल तिथे हातांनीच सोडवायची, हा तिचा गाभा. आज अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले पूर्ण वैद्यकीय डॉक्टर असतात, औषध लिहितात, शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये तसं नाही. तिथले ऑस्टिओपॅथ हातांनी उपचार करणारे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. १९९३ च्या कायद्याने त्यांची एक परिषद झाली. तिच्याकडे नोंद असल्याशिवाय तिथे कुणी स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेऊ शकत नाही, आणि ती नोंदवही कुणालाही पाहता येते.

मी गेलो तो मनात भीती घेऊनच. साखळीच्या बाजारात एकाने मला “मणक्याचा कट्ट आवाज काढून देतो, सगळं मोकळं होईल” असं सांगितलं होतं आणि मी हात जोडून परतलो होतो. इथेही तेच होणार असं वाटलं. पण त्या बाईंनी पहिल्या भेटीत माझ्या कमरेला हात लावला नाही. आधी डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआय वाचलं. मग सर्जनकडून दोन ओळी लिहून आणायला सांगितलं: जखम भरली आहे, हातांनी उपचार चालतील, कुठल्या हालचाली टाळायच्या. ती चिठ्ठी आणल्यावरच काम सुरू झालं. शस्त्रक्रिया झालेल्या जागी झटका द्यायचा नाही, हे त्यांनी स्वतःच आधी सांगितलं. त्यांचे हात चालले ते खुब्यावर, मांडीच्या मागच्या शिरांवर, पाठीच्या वरच्या भागावर, बरगड्यांवर. दुखण्याच्या महिन्यांत मी श्वास छातीतच अडवून धरायला लागलो होतो, तो पोटापर्यंत कसा न्यायचा ते शिकवलं. व्रणाच्या आजूबाजूची कातडी आखडली होती, ती हळूहळू सैल केली.

आणि मग त्यांनी विचारलं, “तुमची सीट दाखवा.”

मी समजलो नाही. त्या म्हणाल्या, बसमध्ये जसे बसता तसे या खुर्चीवर बसून दाखवा. मी बसलो. त्यांनी माझ्या पायापुढे तिरकी फळी ठेवली आणि क्लच दाबतो तसं दाबायला लावलं. गुडघा किती सरळ होतो, कुल्ला सीटवरून उचलतो का, कंबर मागे टेकते का, सगळं बसून पाहिलं. सीट पुढेमागे होते का, टेकणीचा कोन बदलतो का, क्लच किती जड आहे, दोन फेऱ्यांच्या मधे खाली उतरायला किती वेळ मिळतो, हे विचारलं. मी क्लच पूर्ण दाबताना डाव्या बाजूला कलंडत होतो. इतकी वर्षं गाडी मारली, पण ते मला माहीत नव्हतं. सीट थोडी पुढे घ्यायची, कमरेच्या खोलगट जागी टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवायची, चढता-उतरता पिळवटायचं नाही तर दोन्ही पाय एकत्र बाहेर काढून मग उभं राहायचं, प्रत्येक टोकाला उतरून बसभोवती फेरी मारायची. दवाखान्याच्या कागदांवर माझा धंदा ‘ड्रायव्हर’ एवढाच लिहिलेला असायचा. तो धंदा शरीराने कसा करतात हे मला पहिल्यांदा तिथे विचारलं गेलं.

मी या उपचाराची जाहिरात करायला बसलेलो नाही. नुसत्या हातांनी मी बरा झालो असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. सरकारी इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम मी रोज करत होतो आणि संध्याकाळी नदीकाठाने चालत होतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ साली कंबरदुखी आणि सायटिकासाठी मार्गदर्शन काढलं. त्यातही हातांचे उपचार वापरायचे तर व्यायामाच्या जोडीनेच, एकटे नाहीत, असं म्हटलं आहे. त्याच मार्गदर्शनात रुग्णाला कामावर परतायला मदत करा, असंही लिहिलं आहे. तिथे ते उपचाराचाच भाग आहे.

पुढे मला काम मिळालं ते योगायोगाने. एका शाळेच्या बालरथचा, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या बसचा, चालक रजेवर गेला आणि मला बदली बोलावलं. सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, दुपारी घरी पोचवायचं. मधले तास मोकळे. त्या मोकळ्या तासांत मी शाळेच्या आवारात चालायचो, बाकावर आडवा व्हायचो, व्यायाम करायचो. पायातली ताकद परत आली ती याच महिन्यांत. मग पुन्हा प्रवासी बसवर, आधी निम्म्या फेऱ्या, मग पूर्ण. मला बालरथ मिळाला नसता तर मी एक तर पहिल्याच आठवड्यात पूर्ण दिवस मारून पुन्हा आडवा झालो असतो, नाहीतर गाडी कायमची सोडली असती. दोन्ही प्रकारचे चालक मी पाहिले आहेत.

माझा मेव्हणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, इंग्लंडमध्ये स्विंडनला गोदामात काम करतो. आपले बरेच गोमंतकीय त्या शहरात आहेत. त्याच्या कमरेत स्क्रू आणि पट्ट्या घालून दोन मणके जोडले. माझ्यापेक्षा मोठं ऑपरेशन, हाड जुळायलाच कित्येक महिने. तरी त्याची नोकरी गेली नाही. तिथे २०१० पासून आजारपणाच्या दाखल्यावर ‘काम करण्यास अयोग्य’ याच्या बरोबरीने ‘पुढील सोय केल्यास काम करू शकेल’ असा रकाना आहे. त्याखाली चार गोष्टी छापलेल्या: टप्प्याटप्प्याने परत येणं, वेळ बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं, जागेत सुधारणा करणं. डॉक्टर त्यावर खूण करतो आणि खाली दोन ओळी लिहितो. २०२२ पासून फिजिओथेरपिस्टलाही हा दाखला देता येतो. मेव्हण्याला आधी थोडे तास, खोकी उचलायची नाहीत, हातातल्या यंत्राने माल तपासायचा, असं काम मिळालं. त्याचा साहेब फार दयाळू होता असं नाही. त्याच्यापुढे कागद होता.

आपल्याकडे असा कागद नसल्याची किंमत कोण देतं? ज्यांना कायद्याचं छत्र आहे त्यांचं थोडं तरी निभावतं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. कामगार विमा योजनेत असलेल्याला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. पण ती योजना दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी आणि महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडचा चालक आणि कंडक्टर त्यात कुठे बसतो? रेतीवाला, गवंडी, सुतार, काजूच्या कारखान्यात दिवसभर खाली वाकून बसणारी बाई? तिची तर कंबर धरली की शेजारणीसुद्धा म्हणतात, वय झालं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांना चार लाखांपर्यंतचं संरक्षण ती देते. ही मोठी गोष्ट आहे आणि तिच्यामुळे अनेकांची ऑपरेशनं झाली. एवढा खर्च करून सरळ केलेला मणका चुकीच्या पद्धतीने कामावर लावून पुन्हा बिघडवायचा, हे मला पाहवत नाही.

म्हणून आरोग्य खातं, कामगार आयुक्त आणि डॉक्टरांच्या संघटना यांच्याकडे माझी मागणी एका पानाची आहे. मणक्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला मराठी किंवा कोकणीत एक पान द्यावं. सलग किती वेळ बसायचं, किती किलो उचलायचं, वाकणं-पिळणं कधीपासून, सुरुवातीला दिवसाचे किती तास, आणि हे पुन्हा कधी तपासायचं. त्यावर सर्जनची किंवा फिजिओथेरपिस्टची सही. याला नवं इस्पितळ लागत नाही, नवी पदं लागत नाहीत. बसमालकांच्या संघटनेनेही अशा चालकांसाठी निम्म्या दिवसाच्या बदल्या वाटून घ्याव्यात. दोन मालकांनी मिळून एक चालक असा ठेवला तरी जमतं.

दुसरी गोष्ट हातांनी उपचार करणाऱ्यांची. किनारपट्टीवर, आसगाव, हणजूण, मांद्रे भागात, अशा उपचारांच्या पाट्या वाढत चालल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली ऑस्टिओपॅथीच्या शिक्षणाचे किमान निकष प्रसिद्ध केले. त्या निकषांप्रमाणे कोण शिकला आहे आणि कोण चार आठवड्यांचं शिबिर करून आला आहे, हे माझ्यासारख्या रुग्णाला पाटी पाहून कळत नाही. मला चांगल्या बाई भेटल्या हे माझं भाग्य. आरोग्य खात्याने यांची पात्रता तपासून यादी लावावी, आणि ऑपरेशन झालेल्या मणक्याला सर्जनच्या चिठ्ठीशिवाय हात लावायचा नाही हा नियम करावा. आमच्या गावच्या हाडवैद्यांविषयी मला आदर आहे. मुरगळलेला पाय त्यांनी अनेकांचा सरळ केला. पण ताज्या ऑपरेशनची कंबर त्यांच्याकडेही नेऊ नये.

माझ्या चालक बांधवांना एक कळकळीने सांगतो. ऑपरेशनआधी असो वा नंतर, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, किंवा पाऊल एकाएकी लुळं पडलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. फेरी पूर्ण करून जातो म्हणू नका. नसांचा गुच्छ दाबला गेल्याची ती खूण असते आणि तिथे तास महत्त्वाचे असतात. मालिश, शेक, कुणाचे हात, काहीही मधे आणू नका.

एका पानाचा हा नमुना आम्ही काही चालकांनी मिळून लिहायला घेतला आहे. ज्या तरुण चालकाचा उल्लेख मी वर केला, त्याच्या सर्जनना तो दाखवायचं ठरलं आहे. आपल्या वाचकांपैकी कुणी अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट किंवा ऑस्टिओपॅथ तो तपासून द्यायला तयार असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं. तो छापून साखळी, डिचोली आणि वाळपईच्या बसस्थानकांवर वाटण्याचा खर्च आम्ही चालकच करू.

आपला,
एक बसचालक
साखळी, डिचोली तालुका, गोवा